किनाऱ्याचे राखणदार

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात बाणकोटच्या खाडीपासून जवळच वेळास हे लहानसे गाव आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. इतिहासाची आवड असणाऱ्यांपलीकडे या गावाचे नाव फारसे कोणाच्या कानावर नव्हते. गेल्या दोन दशकांत मात्र फेब्रुवारी-मार्च उजाडला की मुंबई-पुण्याच्या गाड्या या गावाच्या अरुंद रस्त्यावर रांग लावतात आणि सकाळी सातच्या सुमारास शेकडो माणसे पुळणीवर ताणलेल्या एका दोरीमागे मुकाट्याने उभी राहतात. दोरीपलीकडे तळहातावर मावतील एवढी, काळपट रंगाची पिल्ले पाण्याच्या दिशेने सरपटत असतात. कोणी थबकते, कोणी उलटे होते, पुन्हा सावरते. लाट येते आणि ती दिसेनाशी होतात.

हे दृश्य आता वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि मोबाइलवरील चित्रफितींमुळे सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. त्यामागे जे काम आहे ते मात्र फारसे कोणी पाहत नाही, कारण ते अंधारात चालते. नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल या काळात, रोज पहाटे, गावातील एक-दोघे जण पुळणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातात आणि वाळूवर कासवाचा माग शोधतात. बहुतेक दिवशी काही सापडत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागते. किनारा राखणे म्हणजे मुख्यतः हे चालणे.

समुद्री कासवांच्या सात जाती जगात आहेत. त्यांपैकी पाच भारताच्या सागरी हद्दीत आढळतात. कोकणच्या वाळूत प्रामुख्याने अंडी घालते ती ऑलिव्ह रिडले ही जात. कवचाची लांबी दोन-सव्वादोन फूट, वजन चाळीस किलोच्या आसपास. आयुष्यभर समुद्रात राहणारा हा प्राणी असला, तरी त्याला अंडी जमिनीवरच घालावी लागतात. मादी रात्री भरतीरेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी दीड फुटाच्या आसपास खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी सोडते, वाळू लोटते, अंगाच्या भाराने ती दाबते आणि तासाभरात समुद्रात परत जाते. मागे वळून पाहणे तिच्या स्वभावात नाही. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात, तेव्हा त्यांची आई शेकडो मैल दूर असते.

ओडिशाच्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्या किनाऱ्यांवर याच जातीच्या लक्षावधी माद्या काही रात्रींत एकदम अंडी घालण्यास येतात. तिथे कोल्ह्या-कुत्र्यांनी कितीही अंडी खाल्ली तरी उरतात ती पुष्कळ. एकदम येण्यातील निसर्गाचे गणितच ते आहे. कोकणात तसे होत नाही. येथे मादी एकटी येते, एका पुळणीवर एका रात्री एक, फार तर दोन. रानडुक्कर, कोल्हा, घोरपड किंवा गावचे भटके कुत्रे यांच्यापैकी एकाने माग काढला की ते संपूर्ण घरटे गेले असे समजावे. आणि या साऱ्यांपेक्षा माग काढण्यात तरबेज असतो तो माणूस.

कोकणातील कोणत्याही जुन्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते आणि देवाआधी त्याला हात लावून पुढे जाण्याची रीत आहे. त्याच गावांच्या किनाऱ्यावर कासवाची अंडी मात्र बिनदिक्कत खणली जात. यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. वाळूवरचा माग म्हणजे आयते चालून आलेले चार पैसे, अशी ती सरळ गोष्ट होती. कासव १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला किंवा त्याच्या अंड्यांना हात लावणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, हे किनाऱ्यावरच्या माणसाला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी पहाटे चारला त्या पुळणीवर पाहायला कोण येणार होते?

गरुड शोधताना कासव सापडले

चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था भाऊ काटदरे यांनी १९९२मध्ये सुरू केली. वेंगुर्ल्याच्या समुद्रातील खडकांवरील पाकोळ्यांच्या घरट्यांची चोरटी विक्री उघडकीस आणण्याचे काम या संस्थेने आधी केले होते. २००२ साली संस्थेचे कार्यकर्ते किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडांची पाहणी करीत होते. वेळासच्या वाळूत त्यांना अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केल्यावर कळले की, कासवे येथे नेहमीच येतात आणि त्यांची घरटी नेहमीच रिकामी होतात.

येथून पुढे जे घडले ते सहज घडले असे आज वाटते, परंतु तसे ते नव्हते. चिपळूणहून रोज पहाटे वेळासला येणे कोणालाही शक्य नव्हते. बाहेरच्या माणसाने किनाऱ्यावर पहारा बसवला असता, तर गाव विरोधात गेले असते. तेव्हा गावातीलच माणसे कामाला घ्यावीत, असे ठरले. आणि गावात कासवाचा माग सर्वांत चांगला कोणाला कळतो, या प्रश्नाचे उत्तर उघड होते: जो अंडी काढतो त्याला. वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी उमटलेली नक्षी कोठून आली आणि कोठे परतली, मधल्या उकरलेल्या वाळूत खरे घरटे कोणते आणि हुलकावणी कोणती, काठी खुपसली तर कोठे ती अलगद आत जाते, हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते ज्यांच्यापाशी होते, त्यांनाच संस्थेने सोबत घेतले.

भारतात अशा प्रयत्नांची ही पहिलीच वेळ नव्हती. मद्रासच्या किनाऱ्यावर रात्री चालत जाऊन घरटी शोधण्याची प्रथा सत्तरच्या दशकाच्या प्रारंभीच सुरू झाली होती. तेथील तरुणांपैकी एक, सतीश भास्कर यांनी पुढे देशाच्या किनाऱ्यांची मैलोन्‌मैल पायपीट करून समुद्री कासवांची पहिली व्यापक पाहणी केली. १९८८पासून चेन्नईत विद्यार्थ्यांचे एक जाळे ही रात्रीची फेरी नेमाने चालवीत आले आहे. केरळात कोळिकोड जिल्ह्यातील कोळावीपालम येथील मच्छीमार तरुणांनी १९९२मध्ये ‘तीरम’ ही संस्था काढली. गोव्यात मोरजी येथे १९९७च्या सुमारास वनखाते आणि गावकरी एकत्र आले. वेळासचे वेगळेपण पुढच्या टप्प्यात आहे. तेथे राखणीचा खर्च गावाच्या मिळकतीशी जोडला गेला.

टोपली, दोरी आणि एक तारीख

हे काम नेमके कसे चालते, ते समजून घेण्यासारखे आहे. पहाटे घरटे सापडले की अंडी हळुवारपणे बादलीत अथवा टोपलीत काढून घेतात आणि किनाऱ्यावरच, भरतीच्या पाण्यापासून सुरक्षित अशा जागी, जाळीने बंदिस्त केलेल्या आवारात त्याच खोलीचा आणि त्याच आकाराचा खड्डा करून पुन्हा पुरतात. हे सर्व काही तासांत उरकावे लागते. कारण अंडे घातल्यानंतर थोड्याच वेळात आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटे-पालटे झाले तर गर्भ मरतो. सकाळी नऊ वाजता सवडीने येऊन अंडी हलवणारा स्वयंसेवक कितीही सद्हेतूने आला असला, तरी तो घरटे मारतो आहे. पहाटेच्या फेरीचा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

प्रत्येक खड्ड्याजवळ अंड्यांची संख्या आणि तारीख लिहिलेली पाटी लागते. चाळीस-पंचेचाळीस दिवस उलटले की त्या जागी टोपली उपडी घालतात आणि ती सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. खालची वाळू बशीसारखी खचलेली दिसली की पिल्ले वर येत आहेत असे समजावे. ती सारी मिळून वाळू पायाखाली दाबत वर चढतात. एकट्या पिल्लाला ते जमले नसते.

नंतर त्यांना पाण्यात नेऊन सोडत नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवतात आणि चालू देतात. पाहणाऱ्यांपैकी अनेकांना हा निर्दयपणा वाटतो. एखादे पिल्लू उलटे पडले की गर्दीतून उचलण्याची विनवणी होते. परंतु मादी मोठी झाल्यावर जन्मलेल्या परिसरातील किनाऱ्याकडे परतते ती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधारे, असे शास्त्रज्ञ मानतात आणि त्या जागेची खूण मनात उमटण्यात या पहिल्या प्रवासाचा वाटा असावा, असा कयास आहे. शिवाय पिल्लाचे स्नायू व फुप्फुसे त्या चालण्यानेच पोहण्यास सज्ज होतात. समुद्राची दिशा त्याला प्रकाशावरून कळते. मोकळ्या किनाऱ्यावर रात्री सर्वांत उजळ दिसते ते समुद्राचे क्षितिज. किनाऱ्याला लागून हॉटेलचा दिवा असेल, तर तेच पिल्लू समुद्राला पाठ करून दिव्याकडे जाते आणि सकाळी उन्हाने मरते.

पहिल्या हंगामात, २००२-०३मध्ये, वेळासला सुमारे पन्नास घरटी वाचली आणि अडीच हजारांहून अधिक पिल्ले समुद्रात गेली. त्यानंतर हे काम रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील इतर गावांत पसरले. आंजर्ले, केळशी, दाभोळ, गुहागर ही नावे त्यांत येतात. पुढे राज्याचा वनविभाग आणि २०१२मध्ये स्थापन झालेला कांदळवन कक्ष यांनी ते हाती घेतले. आज गावोगावी नेमलेल्या ‘कासवमित्रां’ना हंगामात मानधन मिळते. ‘स्वयंसेवक’ या शब्दाभोवती शहरात जे वलय आहे, ते येथे बाजूला ठेवलेले बरे. सलग पाच महिने रोज पहाटे उठून चालणाऱ्या माणसाने ते फुकट करावे, अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांपैकी कोणीही ते स्वतः केलेले नसते.

२००६ साली संस्थेने ग्रामस्थांसह वेळासला पहिला कासव महोत्सव भरवला. गावात लॉज नव्हते, हॉटेल नव्हते. पाहुण्यांनी गावकऱ्यांच्या घरी उतरावे, घरचेच जेवावे, असे ठरले. ओटीवर गाद्या पडल्या, परसातल्या चुलीवर घावन आणि उकडीचे मोदक होऊ लागले. पैसा थेट घरात, तोही बहुतेक घरच्या बाईच्या हातात आला. कासव जिवंत राहिले तर पुढच्या वर्षी पुन्हा पाहुणे येतील, हे गावाला कोणी भाषणातून सांगावे लागले नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, तेव्हा कोकणातील हे काम आणखी दूरवर पोहोचले.

पर्यटकाची सोय की पिल्लाची?

येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून वेळासचे कौतुक करणे योग्य होणार नाही. निसर्गतः पिल्ले बहुधा रात्री बाहेर पडतात. अंधारात वाळू थंड असते आणि घारी-कावळे झोपलेले असतात. बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही तास त्यांच्या अंगात विलक्षण जोर असतो. पोटातील उरलेल्या बलकाच्या बळावर ती किनाऱ्याजवळच्या धोकादायक पाण्यातून दूर निघून जातात. रात्री दोनला वर आलेले पिल्लू पाहुण्यांसाठी सकाळी सातपर्यंत टोपलीखाली धडपडत राहिले, तर तो जोर तेथेच खर्च होतो. म्हणून आवार राखणाऱ्यांनी रात्रीही पाहणी करावी आणि पिल्ले आली की ती सोडून द्यावीत, मग पाहायला कोणी असो वा नसो, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. पाहुण्यांची निराशा होईल. ती होऊ द्यावी.

गर्दीचाही प्रश्न आहे. मोरजीचा किनारा याबाबतीत डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. तेथे कासवांमुळे नाव झाले, त्याबरोबर शॅक, दिवे आणि संगीत आले आणि अंडी घालण्यासाठी राखलेल्या पट्ट्याला त्या झगमगाटाने वेढले. माशाच्या बाजारात मांजर राखण करीत नाही, असे तेथील जुनी माणसे म्हणत असतील तर नवल नाही. वेळासने दोरी, ठरलेल्या वेळा आणि घरगुती निवास यांवर भिस्त ठेवून हा धोका बराचसा दूर ठेवला आहे. पण किनाऱ्यालगत जमिनी विकत घेणारे हात सगळीकडे सारखेच असतात.

अंडी हलवण्याच्या पद्धतीवरही मतभेद आहेत. घरटे जेथे आहे तेथेच राखता आले तर ते सर्वांत उत्तम, हलवणे हा शेवटचा उपाय, असे जगभरच्या अभ्यासकांचे मत आहे. त्यामागे एक कारण असे की, कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याभोवतीच्या वाळूच्या तापमानावर ठरते. साधारण तीस अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही निपजतात. त्याहून वाळू तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर अधिक. सर्व घरटी उन्हातल्या एकाच आवारात पुरली, तर एका गावाची सारी पिल्ले एकाच लिंगाची निघू शकतात. वाढत्या तापमानात हा प्रश्न दरवर्षी अधिक टोकदार होत आहे. मार्चनंतरच्या घरट्यांत वाळू फारच तापली तर गर्भच मरतात. म्हणून काही ठिकाणी आवारावर सावलीचे कापड ताणतात. घरटे हलवावे की नाही, सावली किती द्यावी, हे आता वनविभागाला आणि कासवमित्राला मिळून ठरवावे लागते. दहावी-बारावी शिकलेला खेड्यातील तरुण आज वाळूत तापमापक खुपसून नोंद ठेवतो, ही या चळवळीची दिसायला लहान पण खरी कमाई आहे.

बाकीचा समुद्र

किनाऱ्यावर अंडी वाचवली म्हणजे कासव वाचले असे होत नाही. हजार पिल्लांतून एखादेच मोठे होते, असा ढोबळ अंदाज दिला जातो आणि अंडी घालण्यायोग्य वय येण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढे सगळे पार करून आलेली मादी ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून गुदमरली, तर शेकडो पिल्ले सोडूनही हिशेब उणेच राहतो. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. तासन्‌तास पाण्याखाली ओढल्या जाणाऱ्या जाळ्यातून ते सुटू शकत नाही. जाळ्यात कासवाला बाहेर पडण्यासाठी झडप बसवण्याचे साधन उपलब्ध आहे. परंतु त्यातून मासळीही निसटते, अशी मच्छीमारांची तक्रार असते. या साधनाचा वापर होत नसल्याचे कारण देऊन अमेरिकेने २०१९मध्ये भारतातील समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात बंद केली, तेव्हा कासवाचा प्रश्न थेट मच्छीमाराच्या खिशाशी येऊन भिडला.

महाराष्ट्र शासनाने २०१८च्या अखेरीस वेगळी वाट धरली. जाळ्यात अडकलेला संरक्षित जीव, मग तो कासव असो, देवमासा असो वा बहिरी, जाळे कापून सोडला आणि त्याचे छायाचित्र वा चित्रफीत दाखवली, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळे हेच भांडवल असलेल्या माणसाला ते कापायला सांगणे आणि भरपाईचा विषय न काढणे, हे प्रबोधन नव्हे. या योजनेने ती चूक टाळली.

शेजारच्या गुजरातचा अनुभव येथे आठवतो. बहिरी, म्हणजे व्हेल शार्क, हा जगातील सर्वांत मोठा मासा सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात मारला जाई. २००१मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, पण कायद्याने भाले थांबले नाहीत. २००४मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत कथाकार मोरारी बापू यांनी मच्छीमारांना सांगितले, की हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. ‘व्हाली’ म्हणजे लाडकी, हे नाव त्याला मिळाले. शिकार ओसरली आणि जाळे कापून मासा सोडणाऱ्यांची संख्या शेकड्यांत गेली. कोकणात कासवाबद्दलही ‘माहेरवाशीण’ हा शब्द रूढ झाला आहे. या प्रकारच्या भाषेने अभ्यासक जरा अस्वस्थ होतात, कारण कासवाला माहेर-सासर नसते. पण लेक घरी येते तेव्हा तिच्या ताटातले काढून घ्यायचे नसते, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसाला आकडेवारीशिवाय कळते.

मुंबईत हेच काम निराळ्या रूपात दिसते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५मध्ये वकील अफरोज शाह यांनी एका वयोवृद्ध शेजाऱ्यासह कचरा उचलण्यास प्रारंभ केला. आठवड्यामागून आठवडे माणसे वाढत गेली, २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना गौरवले आणि मार्च २०१८मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्ले आढळली. कौतुकाच्या भरात एक गोष्ट झाकली जाते: नाल्यांतून येणारे प्लास्टिक थांबत नाही, तोवर दर रविवारी तोच किनारा नव्याने साफ करावा लागतो. साफसफाई यंत्राने झाली तर आणखी पंचाईत, कारण जड यंत्राखाली वाळूतले घरटे चिरडले जाऊ शकते.

२०१७पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावरील खडकांत नेतो. हाजी अलीला किंवा जुहूला पाणी ओसरले की डबक्यांत समुद्रफुले, गोगलगायींचे रंगीबेरंगी भाऊबंद, खेकडे, क्वचित प्रवाळही दिसतात. सामान्य मुंबईकर त्याची छायाचित्रे घेतो, त्यांची नोंद सार्वजनिक संकेतस्थळावर होते. या नोंदींना केवळ हौसेचे मोल नाही. २०२०मध्ये सागरी किनारा रस्त्याच्या मार्गात आलेली वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळे हलवावी लागली, तेव्हा मुंबईत प्रवाळ असते हेच अनेकांना प्रथम कळले. जे आहे याची नोंदच नाही, ते गेल्याची तक्रार करता येत नाही.

कासव कोणाचे?

आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणारी मादी पुढे जाते कोठे, हा प्रश्न वेळासच्या गावकऱ्यांना पहिल्यापासून पडलेला होता. जानेवारी २०२२मध्ये त्याचा माग काढण्यास सुरुवात झाली. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी वेळासला एका मादीच्या कवचावर उपग्रहाशी संपर्क साधणारे यंत्र बसवले. तिचे नाव ‘प्रथमा’. त्याच हंगामात आंजर्ले आणि गुहागर येथील मिळून आणखी चार माद्यांना ही यंत्रे लागली. २०२३मध्ये गुहागरहून सोडलेल्या ‘बागेश्री’ने दक्षिणेची वाट धरली, श्रीलंकेला वळसा घातला आणि ती बंगालच्या उपसागरात पोहोचली. पश्चिम किनाऱ्याची कासवे आणि पूर्व किनाऱ्याची कासवे वेगळी, हा समज तिने डळमळीत केला.

जानेवारी २०२५मध्ये त्याची उलटी बाजू दिसली. गुहागरच्या पुळणीवर अंडी घालणाऱ्या एका मादीच्या पायाला धातूचा बिल्ला आढळला. त्यावरील क्रमांक तपासला तेव्हा कळले, की तो २०२१मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला आहे. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे अंतर कापून ती कोकणात आली होती. एकच मादी दोन्ही किनाऱ्यांवर अंडी घालते, असे यातून दिसले. तो बिल्ला पाहणाऱ्याला त्याचे महत्त्व कळले नसते, तर ही गोष्ट वाळूतच राहिली असती.

अलीकडच्या हंगामांत कोकणातील घरट्यांची नोंद पूर्वीच्या तुलनेत बरीच वाढलेली आहे. त्यात वीस वर्षांच्या राखणीचे फळ किती आणि शोधणारे डोळे वाढल्याचा परिणाम किती, हे वेगळे करणे सोपे नाही. २००३ साली वेळासहून समुद्रात गेलेले पिल्लू जगले असेल, तर त्याचे वय आता अंडी घालण्याचे आहे. पण त्याच्या अंगावर खूण नाही. ते परत आले असेल तरी ओळखता येणार नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडक्यात: मुंबईहून वेळास रस्त्याने सुमारे सव्वादोनशे किलोमीटर पडते. माणगाव-म्हाप्रळ-मंडणगड मार्गे जाता येते, किंवा श्रीवर्धनकडून आल्यास बागमांडला ते वेसवी ही फेरीबोट घेता येते. पिल्ले कोणत्या दिवशी निघतील, हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी गावात दूरध्वनी करून घरटी किती दिवसांची झाली आहेत ते विचारावे आणि तरीही रिकाम्या हाताने परतण्याची तयारी ठेवावी. किनाऱ्यावर विजेरी आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नये, पांढऱ्या वाळूवर पिल्लाचा पाठलाग करू नये, दोरी ओलांडू नये. पिल्लाला हातात घेऊन छायाचित्र काढण्याचा मोह झालाच, तर पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची शिक्षा आहे, हे ध्यानात असावे. आणि राहण्यासाठी गावातील घरच निवडावे.